निःसंकोच बोला

२ जुलै १९५६, सोमवार

आज घरी फोन बसला. शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीतला हा पहिलाच. काळा आणि चांगला जड आहे. उचलला की कचेरीच्या बोर्डावरची दुर्गा विचारते, "कहिए, किससे बात करेंगे?" आणि मग ती जोडून देते. साहेब म्हणाले, पंडितजी, राज्यांची जोडाजोड चालू आहे, कुठला हुकूम कधी भाषांतराला येईल नेम नाही, तुम्ही घरीसुद्धा हाताशी हवेत. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी प्रथमच कोणाला हाताशी हवासा झालो.

सुनंदाने फोनला हळदकुंकू वाहिलं आणि वर म्हणाली, या यंत्राशी मी काही बोलणार नाही, पलीकडे कोण कान लावून बसलंय कोणास ठाऊक. बायकांना नव्या वस्तूची शंका यायचीच. 

एवढ्या घडामोडींची कुठेतरी नोंद हवी म्हणून ही वही घातली आहे. लिहिणार मोडीत. मोडी म्हणजे कुलूपच. साहेबांना मोडी येत नाही, शेजारच्या पोरांना येत नाही. आमची सरोजिनी पंधरा वर्षांची, ती मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरते ते तिचं तिलाच कळत नाही, तिला मोडी म्हणजे मुंग्यांची रांग. सुनंदाचे वडील दरबारच्या दफ्तरखान्यात मोडीचे मोठे जाणकार होते, पण शेवटची चार वर्षं त्यांचे डोळे पार गेले होते. घरी आणलेले कागद कोणीतरी वाचून दाखवी, तेव्हा कुठे त्यांचं काम चाले. ते मुलीला काय शिकवणार! खुणेला वहीत मोरपीस ठेवलं आहे.

५ जुलै

गल्लीने फोन आपला मानला. आज पाच जण येऊन बोलून गेले. पहिले अर्थातच महिपतराव. समोर राहतात, आमच्याच खात्यात दफ्तर शाखेत आहेत, नोकरीला माझ्याच वर्षी लागले. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत होते, त्यामुळे फोनवरही ते कवायतीच्या आवाजात बोलतात. त्यांचा धाकटा भाऊ सूर्याजी मुरारला छावणीच्या ऑफिसात आहे, तिथे फोन आहे. महिपतराव इथून बोलतात तेव्हा मुरारला फोनवाचून ऐकू जात असावं.

लोक बिचारे संकोचतात. दारात उभे राहून "पंत, जरा..." म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत. म्हणून मी पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात पाटी लिहून फोनवर टांगली: "हा फोन आपलाच आहे. निःसंकोच बोला." आधी "मोकळेपणाने बोला" लिहिलं होतं. पण त्यात थोडी लगट वाटते. निःसंकोच या शब्दात घराण्याची अदब आहे.

१९ जुलै, गुरुवार

साहेबांनी खोलीत बोलावून दार लावून घेतलं. १ नोव्हेंबरला नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. आमच्या खात्याच्या या गटातून सात जण भोपाळला जायचे. सहा नावं ठरली आहेत. सातवा एक तर भाषांतरातून, नाही तर दफ्तरातून. म्हणजे मी किंवा महिपतराव. दोघांनीही घरच्या अडचणीचे अर्ज दिले आहेत. त्यांच्या अर्जात आई अंथरुणाला खिळलेली, माझ्या अर्जात सुनंदाला दमा.

दम्याबद्दल इथे खरं लिहायला हरकत नाही. तिला एकदा सर्दी झाली होती. वैद्यबुवांना मी "श्वासविकाराची प्रवृत्ती" एवढंच लिहायला सांगितलं. प्रवृत्ती कोणाला नसते?

साहेब म्हणाले, सगळ्या खात्यात एकशे दहा अर्ज, एकशे दहा आजारी, खरं कोण आणि बहाणा कोणाचा कसं कळावं? तुमच्या घरी सगळी छावनी बोलायला येते. माणूस अर्जात रडतो पण फोनवर खरं बोलतो. जे कानावर येईल ते लिहून द्या. मी म्हणालो, साहेब, हे जरा कसंसंच वाटतं. ते म्हणाले, वाटणारच, अजून त्याला नाव कुठे आहे! नाव तुम्ही द्या.

हा माणूस मला ओळखतो. गेल्या वर्षी "छाटणी" या शब्दाने कचेरीत कल्लोळ माजला होता, तेव्हा मीच "समायोजन" काढलं. छाटणी म्हटलं की माणूस मोर्चा काढतो, समायोजन म्हटलं की रांगेत उभा राहतो. त्या परिपत्रकाबद्दल मला आजवर एकाही समायोजित माणसाने दोष दिलेला नाही. त्यातले बरेचसे भेटतच नाहीत म्हणा.

२४ जुलै

नाव सापडलं. "परिवार-हित टिप्पणी". सकाळी दात घासताना सुचलं. फॉर्मही मीच आखला. रकाने चार: कोण, कोणाशी, हितगुज काय, त्यावरून परिवाराची वस्तुस्थिती काय. "ऐकलेलं बोलणं" असा रकाना ठेवला असता तर मलाच भरवला नसता. हितगुज म्हटल्यावर त्यात माया आली.

साहेब खूश झाले. म्हणाले, "पंडितजी, इस नाम को तो कोई मना ही नहीं कर सकता." लगेच त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढायला दिल्या. आणि खरंच, विचार केला तर यात वाईट काय आहे? ज्याची अडचण खरी, त्याचं हितच होणार. ज्याची खोटी, त्याने काळजी करावी. हे लिहिताना माझी अडचण आठवली, पण ती अगदी खोटी नाही.

३ ऑगस्ट

फोनच्या मागे पडदा आहे, त्यामागे माझी आरामखुर्ची हलवली. तिथे वारा चांगला येतो.

११ ऑगस्ट, नागपंचमी

आज सरोजिनीने पडदा उचलला. हातात पेन्सिल, मांडीवर फॉर्म, असा मी बसलेलो. बाहेर गल्लीतल्या सुधाताई फोनवर जावयाबद्दल बोलत होत्या. त्या गेल्यावर पोरगी म्हणते, "बाबा, पर ये तो जासूसी हुई ना?"

मी तिला नीट समजावलं की ऐकणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. माणूस स्वतःच्या घरी स्वतःच्या खुर्चीत बसलेला असताना कानावर पडलं, तर कान काढून ठेवायचे का? ती म्हणाली, मग खुर्ची तिकडे का नेली? मी म्हणालो, वाऱ्यासाठी. तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती.

सुनंदा पुरणाची दिंडं वाढत होती. ती शांतपणे म्हणाली, "परिवार-हित. नाव छान ठेवलंत हो." मला बरं वाटलं. तिला नाव मी कधी सांगितलं ते आठवत नाही, पण सांगितलं असणार. चांगला शब्द सापडला की माझ्या पोटात राहत नाही.

२१ ऑगस्ट, मंगळवार

आज महिपतराव आले. सूर्याजीला फोन लावला. मी खुर्चीत होतो. त्यांचं बोलणं शब्दशः असं: "हां सूर्याजी, अरे आई काल मांढरेच्या देवीला जाऊन आली. नवस फेडला. हो, खुशीत आहे, रात्री भाकरी खाल्ली." पुढे भाजीवाला दाराशी ओरडत उभा राहिला, त्यात काही ऐकू आलं नाही. पण मुद्द्याचं तेवढं ऐकू आलं होतं.

अंथरुणाला खिळलेली बाई टेकडी चढून देवीला जाते! अर्जात एक आणि फोनवर एक. मला फार वाईट वाटलं. तेवीस वर्षांचा स्नेह. आमची सरोजिनी झाली तेव्हा त्यांच्या शांताताईंनी तिला न्हाऊमाखू घातलं होतं.

जाताना महिपतराव पडद्याकडे पाहून मोठ्याने म्हणाले, पंत, झोपलात वाटतं, येतो. मी उत्तर दिलं नाही. झोपलेला माणूस कसं देणार?

२२ ऑगस्ट

टिप्पणी दिली. चार वेळा लिहून फाडली. "मातुःश्री हिंडत्याफिरत्या आहेत" हे भडक वाटलं. शेवटी "प्रकृतीत समाधानकारक सुधारणा दिसून येते" असं लिहिलं. यात कोणाची निंदा नाही. उलट अभिनंदनच आहे.

इथे मात्र स्वतःशी स्पष्ट बोलतो. मला भोपाळची भीती वाटते. इथे रस्त्याने जाताना लोक पंत म्हणून हात जोडतात, कारण दरबारचा जुना हुकूमनामा उलगडायचा झाला, इथल्या मराठी मंडळाची पत्रिका लिहायची झाली की माझ्याकडेच यावं लागतं. तिकडे मला कोण ओळखणार? त्या कचेरीत मी नवव्या टेबलावरचा सेहेचाळीस वर्षांचा कारकून होईन आणि माझी हिंदी ऐकून पोरं हसतील. हे कोणाला सांगता येत नाही. दमा सांगता येतो.

मोरपीस दोन पानं पुढे सरकलेलं होतं. सरोजिनी खेळते वाटतं त्याच्याशी.

५ सप्टेंबर, बुधवार

कच्ची यादी लागली. सातवं नाव महिपतरावांचं.

सायंकाळी ते घरी आले. अर्धा कप चहा तसाच राहिला. म्हणाले, आईला घेऊन जाता येत नाही आणि सोडून जाता येत नाही, पंत, फेरविचाराचा अर्ज करायचा आहे, आणि आपल्या सबंध लष्कर भागात तुमच्यासारखं लिहिणारा नाही, दोन ओळी लिहून द्याल का?

 नाही कसं म्हणणार? बसलो आणि लिहिला. लिहिता लिहिता रंगलो. "ज्या मातेने बोट धरून चालवले, तिला आज पाऊल टाकविणे माझे हाती उरले आहे" असं एक वाक्य साधलं. वाचून दाखवताना महिपतरावांचे डोळे भरले, माझेही भरले. शब्दांत ताकद असते ती अशी. अर्ज इतका चांगला झाला की क्षणभर वाटलं, मंजूर झाला तर काय करायचं?

सुनंदा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर तिने त्यांचा कप उचलला आणि विचारलं, "तुम्ही यांच्या आईला शेवटचं कधी भेटलात हो?" मी म्हणालो, समोरच तर राहतात. ती म्हणाली, तेच विचारते आहे.

१२ सप्टेंबर, बुधवार

आज घरी गौरी जेवल्या. अकरा वर्षं आमच्या गौरींची आरास शांताताईच करतात. सुनंदा मुखवटे पुसून ठेवते आणि त्या येऊन साड्या नेसवतात, निऱ्या त्यांच्याच हातच्या. काल त्या आल्या नाहीत. निरोप आला, बरं नाही. आज हळदीकुंकवालाही आल्या नाहीत. सुधाताईही नाहीत. एकूण तीन बायका आल्या, त्याही कुंकू लावून घेतल्यावर बसल्या नाहीत, फोनकडे पाहून कुजबुजत बोलल्या. सुनंदाने चाळीस करंज्या केल्या होत्या.

मी म्हणालो, अगं, बदल्यांचे दिवस आहेत, लोकांची मनं थाऱ्यावर नाहीत. "सामाजिक अस्वस्थता" म्हणतात याला.  गौरीच्या साडीच्या निऱ्या सुटत होत्या, त्या ती पुन्हा पुन्हा घालत बसली. मग एकदम रडली. अठरा वर्षांच्या संसारात मी तिला तिच्या वडिलांच्या वेळी रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आज.

फोनवर कोणी बोलायला येत नाही हल्ली. पाटीवरची धूळ झटकली.

२२ सप्टेंबर, शनिवार

एक आनंदाची गोष्ट. बोर्डाच्या खोलीत गेलो होतो, तर दुर्गाच्या टेबलावर माझ्या फॉर्मचा गठ्ठा! माझाच मथळा, माझेच रकाने. विचारलं, ही काय लिहिते आहेस? तर लाजून म्हणाली, साहेबांनी सांगितलंय, कचेरीने ज्यांना ज्यांना घरी फोन दिलेत त्यांचं परिवार-हित. मी म्हणालो, शाब्बास, चौथा रकाना नीट भरत जा, तोच महत्त्वाचा. ती "जी, पंडितजी" म्हणाली आणि तिने लिहीत असलेला कागद पालथा घातला. नम्र मुलगी आहे.

शब्द चांगला असला की तो असा आपल्या पायांनी पुढे जातो. मी छावनीसाठी काढलेला फॉर्म आता सबंध खात्याचा झाला. घरी येऊन सुनंदाला सांगणार होतो, पण तिचा चेहरा पाहून नाही सांगितलं. इथे लिहून ठेवतो.

२६ सप्टेंबर, बुधवार

घरी आलो तर सरोजिनी सांगते, आई फोनवर बोलली! जवळजवळ तीन महिने जी त्याला शिवली नाही ती! मुरारला तिची धाकटी बहीण राजलक्ष्मी, तिच्या यजमानांचं औषधांचं दुकान आहे, तिथे लावला होता. पितृपक्ष चालू आहे, आज तिच्या वडिलांची तिथी, बहिणीची आठवण झाली असेल. "बहुत देर तक बोली, और इतना धीरे-धीरे, जैसे डिक्टेशन दे रही हो," सरोजिनी म्हणाली.

चला, भीड चेपली. मी सुनंदाला म्हणालो, बघ, पाटी अखेर तुलाही लागू पडली. ती म्हणाली, "हो. अगदी निःसंकोच बोलले." आज फार दिवसांनी तिने माझ्या पानात वरून तूप वाढलं.

१४ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला महिपतराव आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, मिठी मारली आणि आपल्या नेहमीच्या कवायती आवाजात म्हणाले, आई सांगते, पंतांना आशीर्वाद कळवा. मला त्यांच्याकडे पाहवेना. सुनंदाने मला सांगितलं, आता तुम्ही त्यांच्याकडे जाऊन या, आईंच्या पाया पडून या. मी म्हणालो, उद्या जाईन, आज मंडळात भाषण आहे. भाषणाचा विषय "सीमोल्लंघन" होता. चांगलं झालं.

२० ऑक्टोबर, शनिवार

पक्की यादी लागली. महिपतरावांचं नाव काढलं आहे. सातवा मी.

साहेबांकडे धावत गेलो. म्हणालो, काही तरी गफलत आहे, माझ्या घरी दम्याचा रोगी आहे. साहेबांनी फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझाच फॉर्म. दुर्गाचं अक्षर. मुद्दाम पाठ करून आलो आहे, इथे उतरवतो. "कोण: पंडितजी की श्रीमतीजी. किससे: अपनी बहन से, मुरार. हितगुज: कि पिछले रविवार बेटी के साथ पैदल किले पर गई थीं, ऊपर तक कहीं नहीं रुकीं, दमा कभी नहीं हुआ, सर्दी हुई थी। कि सामने वाले महिपतराव जी की माताजी को दो आदमी कुर्सी पर बिठाकर देवी के मंदिर ले गए थे, वे चल नहीं सकतीं, हमारे यहाँ बात आधी ही सुनी गई। वस्तुस्थिति: घर के निःसंकोच संभाषण से स्पष्ट।"

मी मसुदा लिहिणारा माणूस, नकळत चूक शोधू लागलो. एक शब्द बदलण्याजोगा नव्हता.

साहेब म्हणाले, पंडितजी, वाईट वाटून घेऊ नका, हे परिवाराच्या हिताचंच आहे. आणि भोपाळला भाषेचा माणूस लागणारच होता. तुमचा हा फॉर्म तिकडे सर्व खात्यांना लागू करायचा आहे. "वहाँ आपको सब जानेंगे," असं ते म्हणाले.

माझं घर चोरून ऐकलं गेलं! माझ्या घरातल्या बाईचं खाजगी बोलणं, आपल्या बहिणीशी, बापाच्या तिथीला, ते एका परक्या मुलीने कागदावर उतरवलं! हा काय सभ्यपणा झाला? याला एकच शब्द आहे, आणि तो मी इथे लिहिणार नाही.

 सुनंदा भोळी आहे. बोर्डावर कोणी लिहून घेतं हे तिला काय ठाऊक? तिने मन मोकळं केलं आणि बिचारीच्या तोंडून घात झाला. तिला दोष देणार नाही. तिला कसं सांगावं, हाच प्रश्न आहे.

२१ ऑक्टोबर, रविवार

कालच्या नोंदीच्या खाली, माझी ओळ जिथे संपते तिथून एक बोट सोडून, हे लिहिलेलं सापडलं. मोडीत. जुन्या दफ्तरी वळणाची, लेखणी न उचलता काढलेली मोडी.

"कसं सांगावं याचा विचार करू नका. बोर्डावर लिहून घेतात हे मला तुमच्या वहीवरूनच कळलं. दुर्गाचे कागद कोणाबद्दल आहेत ते तुम्हाला कळलं नाही, मला कळलं. म्हणून तिला उतरवून घेता यावं असं सावकाश बोलले. दोन्ही गोष्टी खऱ्या सांगितल्या. तुमची वही वाचली हे वाईटच केलं, त्याला मी दुसरं नाव देत नाही. बाबांचे डोळे गेल्यावर त्यांना कागद मीच वाचून दाखवत होते. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी भोपाळला येते आहे. तिथे तुम्हाला कोणी हसलं तर मला सांगा, वहीत लिहू नका."

अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

हे वाचून मी खुर्चीत बसलो. राग शोधत होतो. अगदी योग्य असा राग होता, शब्दही तयार होते. पण शेवटची ओळ पुन्हा वाचली की ते शब्द जागेवर राहत नव्हते. भोपाळच्या भीतीचं ते पान तिने वाचलं आहे. दोन महिने तिला ठाऊक आहे, आणि दोन महिन्यांत तिने मला त्यावरून एकदाही टोमणा मारला नाही.

२७ ऑक्टोबर, शनिवार

ही नोंद बाळबोधीत लिहितो आहे. मोडीचा आता घरात काही उपयोग नाही.

कचेरीची माणसं येऊन फोन काढून घेऊन गेली. भिंतीत दोन खिळे राहिले. पाटी मी टाकून देणार होतो, सरोजिनीने ती बांधाबांधीत भांड्यांच्या मध्ये घातली, आवाज होत नाही म्हणे. शांताताई सकाळपासून आल्या आहेत, सुनंदाच्या बरण्या गोणपाटात गुंडाळून देतात. दोघी फार बोलत नाहीत, पण एकीने दोरी धरली की दुसरी गाठ मारते.

दुपारी मी समोर गेलो. महिपतरावांची आई खिडकीपाशी खाटेवर होती. पाय अगदी काटकीसारखे झालेत. समोर राहून मला हे माहीत नव्हतं. मी पाया पडलो. म्हातारीने डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, कोण, पंत का, जेवलात का?

बाहेर ओट्यावर महिपतराव होते. मी घरून वाक्य तयार करून नेलं होतं. "माझ्याकडून काही अपुऱ्या माहितीच्या आधारे..." असं सुरू केलं. ते ऐकत होते, कोणाचा अर्ज ऐकावा तसे. समोर आमच्या दारात सुनंदा बरणी हातात धरून उभी होती. ती इकडे पाहत नव्हती, पण आतही जात नव्हती.

मी थांबलो. मग म्हणालो, "महिपतराव, मी तुमची चुगली केली. पडद्यामागे बसून ऐकलं आणि साहेबांना लिहून दिलं. भोपाळ चुकावं म्हणून."

एवढं बोलायला मला तेवीस वर्षांतला एकही शब्द उपयोगी पडला नाही.  

"ठाऊक होतं, पंत," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज कवायतीचा नव्हता, हळूच बोलले. "तुमचे पाय दिसत होते पडद्याखालून. मला वाटलं, तुम्ही पुरतं ऐकाल."

 ते उठले, आत गेले आणि एक कागद घेऊन आले. मी लिहिलेला फेरविचाराचा अर्ज. घडीही मोडलेली नव्हती. म्हणाले, दिलाच नाही. फार सुंदर होता, माझ्या आईबद्दल आहे असं वाटेना. मग साध्या भाषेत एक लिहून दिला, आईला चालता येत नाही म्हणून. तो अर्ज त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, चला, तुमची ट्रंक गाडीवर चढवायची आहे ना, एकट्याने व्हायची नाही.

आम्ही दोघांनी ट्रंक उचलली. जड होती. उंबऱ्याशी त्यांनी "सांभाळून" म्हटलं तेवढंच.

ही वही आता सुनंदाच्या पिशवीत, वरच ठेवली आहे.